घरचा साबण आणि त्याचे रंग



पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की हळदीचा पिवळा डाग पडतो. त्या डागावर साबण चोळला की तो लाल होतो. भरपूर पाण्याने साबण धुऊन टाकला की डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. हे तुम्ही घरोघर पाहिले आहे. पण असे का होते, याचा विचार किती जणांनी केला?

हळदीचा गुणच तसा आहे. तिला खार भेटला की ती लाल होते. चुना लावला तरी लाल होते. खार धुऊन गेला की ती आपल्या मूळ रंगावर येते. साबणात खाराचा गुण असतो. म्हणून साबणात एखादा रंग घातला, तर बाहेर दिसतो तसाच तो आतही राहील, असे धरून चालता येत नाही. करून पाहावे लागते. ते कसे करून पाहायचे, हे आज आपण शिकू.

१. साबण कशाचा होतो?

तेल आणि कॉस्टिक सोडा हे साबणाचे आईबाप. कॉस्टिक सोडा हा फार तीव्र खार आहे. तो पाण्यात विरघळवून तेलात घातला आणि चांगला घोटला, म्हणजे दोघांचेही रूप पालटते. तेल तेल राहत नाही. सोडा सोडा राहत नाही. दोघांचा मिळून साबण होतो आणि त्याबरोबर ग्लिसरीन नावाचा मऊ पदार्थ तयार होतो. तेलाच्या आत काय काय असते, याचा उलगडा शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. त्याचा ग्रंथ १८२३ साली निघाला. पण लोक साबण करीत होते ते त्याच्याही शेकडो वर्षे आधीपासून.

आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई होती. त्यांचा फेस हा त्या फळांचा स्वतःचा गुण आहे. तो तेलाचा साबण नव्हे.

२. ऑलिव्ह तेलाचा साबण

तेलाच्या साबणात ऑलिव्हच्या म्हणजे जैतुनाच्या तेलाचा साबण फार जुना आणि नावाजलेला आहे. भूमध्य समुद्राच्या काठी ही झाडे भरपूर. आपल्या कोकणात जसा नारळ, तसा तिकडे ऑलिव्ह. सीरिया देशातले अलेप्पो, पॅलेस्टाइनमधले नाब्लुस आणि फ्रान्समधले मार्सेय ही गावे या साबणासाठी प्रसिद्ध आहेत. १६८८ साली फ्रान्सच्या राजाने हुकूम काढला, की मार्सेयच्या साबणात ऑलिव्हचेच तेल घालावे, चरबी घालू नये. अलेप्पो आणि नाब्लुस इथल्या साबणाच्या कलेला २०२४ साली युनेस्को या जागतिक संस्थेने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

या गावांत रंग कुठून येतो ते पाहा. अलेप्पोत ऑलिव्ह तेलात लॉरेल नावाच्या झाडाच्या फळांचे तेल घालतात. साबण मोठ्या कढईत शिजवून जमिनीवर ओततात, कापतात, शिक्का मारतात आणि वड्यांचे उंच मनोरे रचून सहा ते नऊ महिने वाळवतात. वाळता वाळता वडी वरून पिवळसर तपकिरी होते. कापली तर आत हिरवी निघते. नाब्लुसचा साबण पांढरा असतो. वेगळा रंग कोणीच घातलेला नाही. तेलाचा आणि काळाचाच तो रंग आहे.

यातून पहिला धडा मिळतो. साबणाचा पहिला रंग तेलाचा असतो. खोबरेल घातले तर वडी पांढरी होते. शेंगदाण्याचे तेल घातले तर सायीसारखी होते. वरचा रंग या पहिल्या रंगावर चढतो.

ऑलिव्हचे तेल आपल्याकडे बाहेरून येते आणि महाग पडते. त्याच्या जागी शेंगदाण्याचे तेल चालते. ते गुणाने ऑलिव्हच्या बरेच जवळचे आहे. कठीणपणा आणि फेस यांसाठी त्यात खोबरेल घालावे. थोडे एरंडेल घातले तर फेस टिकतो.

३. माप हाच जीव

आता नीट लक्ष द्या. हा धड्याचा गाभा आहे.

प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. १०० ग्रॅम तेलाचा पुरता साबण व्हायला लागणारा सोडा असा :

ऑलिव्ह तेल : १३.५ ग्रॅम
शेंगदाणा तेल : १३.६ ग्रॅम
एरंडेल : १२.८ ग्रॅम
खोबरेल : १८.३ ग्रॅम

पण आपण पुरता सोडा कधी घालायचा नाही. शंभरातले पाच भाग कमी घालायचे. मग थोडे तेल शिल्लक राहते आणि अंगाला मऊ लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थोडीशी चूक झाली तरी सोडा मोकळा उरत नाही. मोकळा सोडा कातडी भाजतो.

एक हिशेब करून पाहू. २०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतले. मिळून ५०० ग्रॅम झाले.

खोबरेलाला ३६.६ ग्रॅम सोडा.
शेंगदाणा तेलाला ३४ ग्रॅम सोडा.
एरंडेलाला ६.४ ग्रॅम सोडा.
एकूण ७७ ग्रॅम.

यातून शंभराला पाच वजा केले, म्हणजे सुमारे ७३ ग्रॅम उरले. अपूर्णांक आला तर तो सोडून द्यावा. वर कधी चढवू नये.

आता एक गोष्ट सांगतो. ती पुष्कळांना ठाऊक नसते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे. तेल पाण्याहून हलके असते. तेलाची पिशवी हातात घ्या आणि तिच्यावर काय छापले आहे ते वाचा. एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम असे लिहिलेले असते. समजा, कोणी ती एक किलो धरली आणि त्याप्रमाणे शेंगदाणा तेलाला १२९ ग्रॅम सोडा घातला. ९१० ग्रॅम तेल पुरते झाले तरी सुमारे १२४ ग्रॅमच सोडा घेईल. पाच ग्रॅम सोडा मोकळा राहिला! बाहेरून वडी छान दिसेल. पण लेकराच्या अंगाला लावली तर त्याची कातडी सोलवटेल.

पिशवीवरची दोन अक्षरे वाचली असती, तर हे टळले असते. वाचता येण्याचा उपयोग तो हाच.

म्हणून वाटीने मोजू नका, लोट्याने मोजू नका. हल्ली एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा तालुक्याच्या गावी मिळतो. चारपाच घरांनी मिळून एक घ्यावा. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी म्हण आहे. साबणाच्या कामात मात्र ऐकावे काट्याचे आणि करावेही काट्याचेच.

४. सोड्याशी वागताना

कॉस्टिक सोडा पांढरा दिसतो. कुणाला मिठासारखा वाटेल, कुणाला खडीसाखरेसारखा. पोर तो तोंडात घालील. म्हणून हे नियम पाठ करा.

(१) सोड्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे स्वतःच्या हाताने लिहा. डबा कुलपात ठेवा. झाकण घट्ट लावा. उघडा राहिला तर सोडा हवेतले पाणी ओढतो आणि मग त्याचे वजन खोटे येते.

(२) आधी पाणी, मागून सोडा. थंड पाण्यात सोडा थोडा थोडा सोडावा आणि ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून तोंडावर उडते.

(३) हे काम उघड्यावर, वारा वाहतो तिथे करावे. सोडा विरघळताना पाणी खूप तापते आणि झोंबणारी वाफ निघते. ती नाकात घेऊ नये.

(४) भांडे स्टीलचे किंवा जाड, ताप सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे नको. सोडा ते खातो. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

(५) हातात रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि अंगात लांब बाह्यांचे कपडे असावेत. पोरेसोरे आणि जनावरे दूर ठेवावीत.

(६) मोऱ्या साफ करण्याची तयार पूड वापरू नये. तिच्यात दुसरी द्रव्ये असतात. पुड्यावर ‘कॉस्टिक सोडा’ किंवा ‘सोडियम हायड्रॉक्साइड’ आणि त्याची शुद्धता छापलेली आहे की नाही, ते वाचून घ्यावे.

अंगावर उडाला तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा. लिंबू, तेल, हळद काही लावू नका. डोळ्यात गेला तर पापण्या उघड्या धरून अर्धा तास पाणी सोडा आणि तसेच दवाखान्यात न्या. कोणी गिळला तर ओकारी काढू नका. जी नळी जाताना भाजली, ती येताना पुन्हा भाजेल. १०८ क्रमांकाला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा.

५. पाच वाट्यांची परीक्षा

वर हिशेब केला तेच ५०० ग्रॅम तेल घ्या. ७३ ग्रॅम सोडा आणि १६० ग्रॅम पाणी काट्यावर मोजा. सोड्याचे पाणी करून निवू द्या. तेल कोमट असावे, पाणीही कोमट असावे. मग पाणी तेलात हळूहळू ओता आणि घोटा. विजेची हातघुसळणी असेल तर काही मिनिटांत काम होते. हाताने पाऊण तास, तासही लागतो.

कधी थांबायचे? मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले, की पळीने वरून धार सोडून पाहा. धारेची रेघ वर दिसत राहिली म्हणजे झाले. रेघ लगेच बुडाली, तर आणखी घोटा.

आता हे मिश्रण प्लॅस्टिकच्या पाच सारख्या वाट्यांत सारखे वाटून घ्या. वाट्यांवर आकडे लिहा. नंतर असे करा :

वाटी १ : काही घालू नका. कोरी ठेवा.
वाटी २ : हळद.
वाटी ३ : शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची वस्त्रगाळ पूड.
वाटी ४ : मंजिष्ठाची पूड.
वाटी ५ : अंगाला लावण्याजोगा म्हणून विकतात तो कोळशाचा भुगा.

प्रत्येकात चहाचा पाव चमचा घाला आणि ढवळा. त्याहून जास्त घालू नका. अति तेथे माती. जास्त रंग घातला तर फेसालाही रंग येतो आणि पंचाला डाग पडतो.

कोरी वाटी कशाला, असे आमच्या वर्गातल्या एका बाईंनी विचारले. प्रश्न चांगला होता. कोरी वाटी ही साक्षीदार आहे. रंगीत वड्या मऊ राहिल्या, आणि कोरीही मऊ राहिली, तर दोष रंगाचा नाही. तेलाच्या किंवा पाण्याच्या मापाचा आहे. कोरी कठीण झाली आणि हळदीची मऊ राहिली, तर हळदीकडे पाहावे. शेतात नवे बी लावतो, तेव्हा शेजारी एक सरी जुन्या बियाची ठेवतो. तसेच हे आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेलही बदलले, रंगही बदलला आणि वर दूधही घातले, तर काय कशाने झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वाट्या एक दिवस झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच वड्या काढा. ताज्या साबणात सोड्याचा अंश असतो. मग सावलीत, हवेशीर जागी, वड्यांमध्ये बोटबोट अंतर सोडून चार ते सहा आठवडे वाळवा. नुसत्या ऑलिव्ह तेलाचा साबण केला असेल, तर त्याला याहूनही जास्त दिवस द्यावेत. उतावळेपणा करू नये.

६. कोणता रंग टिकतो?

हळद ओतताना लालसर, नारिंगी दिसते. वडी मुरत जाते तशी ती सोनेरी पिवळ्याकडे वळते. मात्र उजेडात ठेवली तर फिकी पडते.

शेवगा, कडुनिंब, तुळस यांच्या पाल्याची पूड आरंभी हिरवीगार दिसते. पुढे ती पिवळट, तपकिरी होत जाते.

मंजिष्ठा तांबूस, गुलाबी रंग देते. कोळसा राखी किंवा काळा रंग देतो आणि तो पालटत नाही. मुलतानी मातीचा रंग फिका असतो, पण टिकतो. कॉफीची पूड तपकिरी रंग देते.

रतनजोत हे मूळ मोठे गमतीचे आहे. तेलात भिजवले तर तेल लाल होते. त्याच तेलाचा साबण केला तर तो जांभळ्याकडे जातो. शेंदरीच्या बिया तेलात भिजवल्या तर साबण पिवळा, नारिंगी होतो. या दोहोंचा रंग आधी तेलात उतरवून तेल गाळून घ्यावे लागते. गाळल्यावर तेल पुन्हा मोजावे, कारण थोडे तेल चोथ्यात राहते.

आता फसवे रंग सांगतो. बीट लालभडक असते, पण साबणात त्याचा लाल रंग मरतो आणि पिवळट, तपकिरी उरतो. जास्वंदीचे आणि गोकर्णाचे तेच. त्यांचा सुंदर रंग खार सोसत नाही. फुलांच्या ओल्या पाकळ्या घातल्या तर त्या काळ्या पडतात आणि कुजतात.

काही वस्तू साबणात कधीच घालू नयेत. शेंदूर म्हणजे शिशाचा क्षार. तो विष आहे. हिंगुळात पारा असतो. बाजारचा गुलाल, रंगपंचमीचे रंग, रांगोळीचे रंग, कपड्यांची नीळ, यांत काय मिसळले आहे ते आपल्याला कळत नाही. भिंतीला सारवण्याचा गेरूही अंगासाठी केलेला नसतो. ‘नैसर्गिक’ एवढ्या शब्दावर भुलू नये. शिसेही जमिनीतूनच निघते आणि साप काही कारखान्यात तयार होत नाही.

७. दूध, गूळ, लिंबू

रंगाप्रमाणेच दुसरे पदार्थही साबणाचा हिशेब बदलतात. दुधात आणि गुळात साखर असते. ती खारात तापली की साबण तपकिरी होतो आणि मिश्रण फार तापते. म्हणून ते अगदी थोडे घालावे. लिंबाचा रस आंबट. आंबट आणि खार यांचे वैर आहे. रस सोड्याचा काही भाग मारून टाकतो आणि तेवढे तेल साबण न होता राहते. वडी मऊ, तेलकट होते.

कडुनिंबाचा साबण खरजेवर औषध आहे, असे कोणी सांगेल. साबणाचे काम मळ काढणे. तो अंगावर घटकाभर राहतो आणि पाण्याबरोबर जातो. खरूज, नायटा असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

८. वही ठेवा

एक जाड वही करा आणि असे लिहा :

‘तारीख. खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. सोडा ७३ ग्रॅम. पाणी १६० ग्रॅम. वाटी २ : हळद, पाव चमचा. ओतताना रंग नारिंगी. दुसऱ्या दिवशी रंग . . . एका महिन्याने रंग . . . फेस . . .’

रिकाम्या जागा त्या त्या दिवशी भरायच्या. ‘लक्षात राहील की!’ असे म्हणू नका. सहा आठवड्यांत एक लग्न होते, एक पेरणी होते, घरात दुखणेबाणे येते. मग कोणत्या वाटीत काय होते ते आठवत नाही. वही विसरत नाही. शिवाय उद्या तुमच्या सुनेला किंवा शेजारणीला तसाच साबण करायचा झाला, तर तिने तुमची वही वाचावी आणि कामाला लागावे.

वड्या वाळल्या की प्रत्येक वडीचे दोन भाग करा. एक भाग खिडकीत ठेवा, दुसरा डब्यात. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कोणता रंग ऊन सोसतो ते डोळ्यांनीच दिसेल. तेही वहीत लिहा.

वापरण्यापूर्वी साबण मनगटाच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि एक दिवस वाट पाहा. आग झाली, पुरळ आले, तर तो वापरू नका. वडीत पांढरे खडे दिसले किंवा झोंबणारे पाणी सुटले, तर ती फेकून द्या. जीव मोठा, वडी नव्हे.

घरापुरता साबण करायला हरकत नाही. अंगाचा साबण करून विकायचा असेल तर परवाना लागतो. त्याची चौकशी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत करावी.

शेवटी एवढेच ध्यानात ठेवा. रंग चुकला तर साबण कुरूप होतो. माप चुकले तर अंग भाजते. म्हणून आधी माप, मग रंग. आणि दोन्ही वहीत.

प्रश्न

१. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो?
२. ‘आधी पाणी, मागून सोडा’ असे का म्हटले आहे?
३. एक वाटी कोरी का ठेवायची?
४. शेंदूर साबणात का घालू नये?
५. तुमच्या घरातल्या तेलाच्या पिशवीवर किती ग्रॅम लिहिले आहे? वाचा आणि वहीत लिहा.
६. हिशेब करा : शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम आणि खोबरेल १०० ग्रॅम घेतले. शंभराला पाच कमी धरून सोडा किती घ्याल? (उत्तर : ६९ ग्रॅम)